थांब म्हणणारं प्रथिन

ब्राझीलच्या दक्षिणेकडल्या पाराना राज्यात तीन-चार वर्षांच्या एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर अचानक मुरुमं उठतात, आवाज जाडाभरडा होतो, अंगावर मोठ्या माणसांसारखे केस दिसू लागतात. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना या खुणा चांगल्याच ओळखीच्या आहेत. मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या थरात कर्करोगाची गाठ वाढली, की ती भलभलती संप्रेरकं रक्तात सोडते आणि कोवळ्या वयात ही लक्षणं उमटतात. जगात इतरत्र लहान मुलांमध्ये हा आजार फारच विरळा. दक्षिण ब्राझीलमध्ये मात्र त्याचं प्रमाण १० ते १५ पट आहे.

२००१ मध्ये राऊल रिबेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३६ मुलांचा डीएनए तपासला. त्यांपैकी ३५ जणांमध्ये एकच बदल सापडला. एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं होतं आणि त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ३३७ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन बसलं होतं. पुढे कळलं, की हा बदल फार पूर्वी कुणा एका पूर्वजाकडून पिढ्यान् पिढ्या उतरत आला आहे आणि दक्षिण व आग्नेय ब्राझीलमध्ये साधारण दर ३०० माणसांमागे एकजण तो अंगात घेऊन वावरतो. त्यातल्या बहुतेकांचं बालपण निरोगी जातं. पण ज्यांचं जात नाही, त्यांच्या बाबतीत ३९३ अमिनो आम्लांच्या साखळीतली एक कडी आयुष्याच्या मुळावर येते.

त्या प्रथिनाचं नाव पी-५३. त्याचं जनुक आपल्या १७ व्या गुणसूत्रावर असतं आणि माणसाला होणाऱ्या कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ते बिघडलेलं आढळतं. इतक्या वेळा बिघडलेलं दुसरं जनुक कर्करोगात सापडत नाही. त्यामुळे कर्करोगाची पेशी अशी बेफाम का वागते, हे समजून घ्यायचं तर आधी हे प्रथिन निरोगी पेशीत काय करतं ते पाहावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते पेशीनं नेमकं कसं गमावलं, हे विचारावं लागतं. या दुसऱ्या प्रश्नाकडे सर्वसामान्य चर्चेत फारसं कुणी वळत नाही. उपचार आणि प्रतिबंध या दोन्हींची दिशा मात्र त्याच प्रश्नावर ठरते.

पी-५३ सापडलं ते एका माकडाच्या विषाणूच्या मागावर असताना. एसव्ही-४० हा विषाणू हॅमस्टरला टोचला तर त्याला गाठी होतात. त्या गाठींतलं विषाणूचं एक मोठं प्रथिन शास्त्रज्ञ वेगळं काढत होते. १९७९ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड यांना, तसंच अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिन्झर आणि अर्नोल्ड लेव्हिन यांना दिसलं, की विषाणूचं प्रथिन एकटं हाती येतच नाही. त्याला चिकटून पेशीचंच एक प्रथिन दर वेळी सोबत येतं. न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांचा गट आणि फ्रान्समधला आणखी एक गट त्याच सुमारास या प्रथिनापर्यंत पोचले. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्याचं वजन ५३ हजार डाल्टन भरलं, म्हणून नाव पी-५३. खरं वजन ४४ हजारांच्या आतच आहे. प्रोलिन या अमिनो आम्लाच्या भरण्यामुळे ते जेलमधून रेंगाळत सरकतं आणि जड भासतं. नाव मात्र तेच राहिलं.

त्यानंतरची १० वर्षं शास्त्रज्ञ उलट्या दिशेनं चालले. गाठींमध्ये हे प्रथिन भरमसाट सापडत होतं, त्यामुळे तेच कर्करोग घडवत असणार असा सरळ अंदाज होता. १९८४ मध्ये तर तीन प्रयोगशाळांनी पी-५३ चं जनुक ‘रास’ या कर्करोगकारक जनुकाच्या जोडीनं पेशींमध्ये घातलं आणि पेशी खरोखरच बेलगाम वाढल्या. मग शंकेला जागा कुठे उरली? पण घोडं नेमकं इथंच पेंड खात होतं. प्रयोगांत वापरलेलं जनुक बिघडलेलं होतं, आणि निरोगी नमुना शेजारी ठेवून पाहीपर्यंत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

१९८९ मध्ये चित्र फिरलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत सुझन बेकर मोठ्या आतड्याच्या गाठींचा अभ्यास करत होत्या. या गाठींमध्ये १७ व्या गुणसूत्राचा एक तुकडा वारंवार गळालेला दिसे. गळालेल्या तुकड्यावर पी-५३ ची एक प्रत गेली होती, आणि उरलेली दुसरी प्रतही उत्परिवर्तनानं बाद झालेली होती. दोन्ही प्रती निकामी होणं ही वाढ रोखणाऱ्या जनुकाची खूण. त्याच वर्षी लेव्हिन यांच्या गटानं निरोगी पी-५३ कर्करोगाकडे झुकलेल्या पेशींमध्ये घातलं आणि ते कर्करोग होऊच देत नाही, हे दाखवलं. आरोपी म्हणून १० वर्षं ज्याच्याकडे बोट दाखवलं, ते प्रथिन रखवालदार निघालं. १९९२ मध्ये लेन यांनी त्याला ‘जिनोमचा रखवालदार’ म्हटलं आणि १९९३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकानं त्याला वर्षाचा रेणू ठरवलं. त्याच काळात ह्यूस्टनमध्ये लॅरी डोनहॉवर यांनी पी-५३ अजिबात नसलेले उंदीर जन्माला घातले. ते जन्मले नीट, वाढलेही नीट. पण सहा महिन्यांच्या आत त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशांना गाठी झाल्या. पेशीला जगायला हे प्रथिन लागत नाही. प्राण्याला दीर्घकाळ जगायला लागतं.

आता पेशीच्या आत जाऊन पाहू.

निरोगी पेशीत पी-५३ जवळपास नसल्यातच जमा असतं. ते तयार होत नाही असं नाही. पेशी ते अखंड तयार करते आणि एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला तितक्याच अखंडपणे धरून, त्याच्यावर मोडीत काढण्याची खूण लावून, कचऱ्यात पाठवतं. पी-५३ चा रेणू अशा पेशीत जेमतेम अर्धा तासही टिकत नाही. ही उधळपट्टी वाटेल, पण तिच्यात मोठी सोय आहे. परसातल्या हौदावरचा नळ चालूच आहे आणि तळाचं बूच काढून ठेवलेलं आहे, म्हणून हौद कायम कोरडा. पाणी हवं त्या क्षणी फक्त बूच लावायचं. पेशी तेच करते. संकट आल्यावर नव्यानं प्रथिन बनवायला बसलं तर बराच वेळ जातो. मोडतोड थांबवली की काही मिनिटांत साठा वाढू लागतो.

संकट म्हणजे मुख्यतः डीएनएची मोडतोड. क्ष-किरण, ऊन, तंबाखूचा धूर, पेशीच्याच चयापचयातून निघणारे ऑक्सिजनचे तापट रेणू, या सगळ्यांनी प्रत्येक पेशीच्या डीएनएवर रोज हजारो घाव बसतात. त्यातले बहुतेक दुरुस्ती करणारी प्रथिनं जागच्या जागी बुजवतात. दोन्ही धागे तुटले की मात्र प्रकरण गंभीर होतं. तुटल्या टोकांपाशी एटीएम नावाचं विकर जागं होतं आणि पी-५३ वर, तसंच एमडीएम-२ वर, फॉस्फेटचे छोटे गट चिकटवतं. दोघांची पकड सुटते आणि पी-५३ साचू लागतं. चार रेणू एकत्र येऊन एक चौकडी बनते आणि ती डीएनएवर ठराविक अक्षरांची जागा शोधून बसते. तिथून ती शेकडो जनुकांना कामाला लावते.

त्यातलं एक जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्यापासून बनणारं पी-२१ हे प्रथिन पेशीविभाजनाचं चक्र पुढे ढकलणाऱ्या विकरांना जखडून ठेवतं. पेशी थबकते. डीएनएची नक्कल करण्याआधीच थबकल्यामुळे तुटका मजकूर पुढच्या पेशीत उतरत नाही आणि दुरुस्तीला सवड मिळते. दुरुस्ती झाली की पी-५३ ओसरतं आणि पेशी पुन्हा मार्गाला लागते. नुकसान भरून न येण्याजोगं असेल तर दोन वाटा उरतात. एक, कायमचं थांबणं: पेशी जिवंत राहते, पण पुन्हा कधीच विभागत नाही. दुसरी, मरण. पी-५३ ‘पुमा’, ‘नोक्सा’ आणि ‘बॅक्स’ या प्रथिनांची जनुकं चालू करतं. त्यांच्यामुळे मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पडतात, आतलं सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं आणि पेशीतली कापाकापी करणारी विकरं सुटतात. पेशी आक्रसते, तिच्या पृष्ठभागावर फोड उठतात, केंद्रकाचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते तुकडे निमूटपणे गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. भर उन्हात फार वेळ राहिल्यावर त्वचेत हे घडत असतं. पी-५३ नसलेल्या उंदरांच्या त्वचेत अशा ‘उन्हानं मेलेल्या’ पेशी फारच कमी दिसतात, हे १९९४ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे मरायला हव्या होत्या त्या पेशी तिथं जिवंत राहिल्या.

थांबायचं की मरायचं, हे पेशीच्या जातीवरही ठरतं. छातीतल्या थायमस ग्रंथीच्या पेशींवर किरणांचा थोडा मारा झाला तरी त्या मान टाकतात. जोडऊतीतल्या पेशी तेवढ्याच माऱ्यानंतर थांबून राहतात. शरीराच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं आहे, कारण रक्तातली बिघडलेली पेशी काढून टाकणं सोपं असतं, ऊतीचा सांगाडा सांभाळणाऱ्या पेशी एकदम गमावणं महागात पडतं.

हे सगळं जिवंत पेशीत डोळ्यांनी पाहता येतं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत गलित लहाव आणि उरी अलोन यांनी २००४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये पी-५३ ला निळसर आणि एमडीएम-२ ला पिवळसर चमकणारं प्रथिन जोडलं आणि किरणांचा मारा करून एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास चित्रित केली. पी-५३ एकदा चढून स्थिर राहत नव्हतं. केंद्रक निळं उजळे, मग पिवळं, मग मंद होई आणि पाच-सहा तासांनी पुन्हा निळं. कारण एमडीएम-२ बनवण्याचा हुकूम पी-५३ च देतं. स्वतःला मोडीत काढणारा हात ते स्वतःच वाढवतं. किरणांची मात्रा वाढवली तर लाटा अधिक उंच होत नव्हत्या. अधिक लाटा उठणाऱ्या पेशींची संख्या वाढत होती. ‘अजून धोका आहे का?’ असं पेशी ठराविक अंतरानं पुन्हा पुन्हा विचारते आणि उत्तर ‘नाही’ असं येईपर्यंत विचारत राहते.

कर्करोगाची पेशी हा प्रश्न विचारणं सोडून देते.

वाढ रोखणारी इतर बहुतेक जनुकं कर्करोगात तुटून किंवा गळून नाहीशी होतात. प्रथिन बनतच नाही. पी-५३ चं तसं नाही. त्याच्यात बहुतेक वेळा एखादंच अमिनो आम्ल बदलतं आणि बाकी प्रथिन पूर्ण लांबीचं तयार होतं. काही जागा तर वारंवार बदलतात: १७५, २४५, २४८, २४९, २७३ आणि २८२. याच जागा का, याचं उत्तर १९९४ मध्ये निकोला पाव्हलेटिच यांच्या गटानं डीएनएवर बसलेल्या पी-५३ ची त्रिमितीय रचना उलगडली तेव्हा मिळालं. २४८ आणि २७३ या जागांवरची आर्जिनिनं थेट डीएनएला स्पर्श करतात. १७५ वरचं आर्जिनिन स्पर्श करत नाही, पण जस्ताच्या अणूभोवतीची प्रथिनाची घडी सावरून धरतं. ते गेलं की घडीच विस्कटते. मुळात या प्रथिनाचा मधला भाग नाजूक. केंब्रिजच्या ॲलन फर्श्ट यांनी मोजून दाखवलं, की शरीराच्या तापमानाला तो काही मिनिटांतच उलगडू लागतो. इतक्या नाजूक रचनेला एक चुकीची कडीही पुरते.

आणि चौकडीचा हिशेब इथं घातक ठरतो. पेशीत एक प्रत निरोगी आणि एक बिघडलेली असेल, दोन्हींपासून सारखंच प्रथिन बनत असेल, तर चारही रेणू निरोगी असलेली चौकडी १६ मध्ये एकच. उरलेल्या १५ मध्ये एक तरी बिघडलेला रेणू घुसलेला. निरोगी प्रत शाबूत असूनही रखवाली ढिली पडते.

विकृतितज्ज्ञाच्या टेबलावर हा बिघाड उघड दिसतो. गाठीचा पातळ काप घेऊन त्यावर पी-५३ ओळखणारं प्रतिपिंड टाकतात; जिथं ते चिकटेल तिथं तपकिरी रंग उमटतो. शेजारच्या निरोगी ऊतीत एखादंच केंद्रक फिकट रंगलेलं असतं. गाठीत मात्र केंद्रकामागून केंद्रक गडद तपकिरी, जणू शाईच सांडली आहे. बिघडलेलं पी-५३ डीएनएवर बसू शकत नाही, त्यामुळे एमडीएम-२ पुरेसं बनत नाही आणि बिघडलेलं प्रथिन साचत जातं. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांची दिशाभूल याच साठ्यानं केली होती.

साचलेलं हे प्रथिन गप्प बसत नाही. २००४ मध्ये टायलर जॅक्स आणि गिलेर्मिना लोझानो यांच्या प्रयोगशाळांनी असे उंदीर तयार केले, की ज्यांच्यात पी-५३ नाहीसं झालेलं नव्हतं, १७५ च्या तोडीच्या जागी बदललेलं होतं. पी-५३ नसलेल्या उंदरांच्या तुलनेत यांच्या गाठी शरीरात अधिक पसरल्या. ग्लासगोमध्ये कॅरन व्हौसडन यांच्या गटानं २००९ मध्ये त्यामागचा एक मार्ग दाखवला: बिघडलेलं पी-५३ पेशीच्या पृष्ठभागावरची पकड घेणारी प्रथिनं आत ओढून पुन्हा चटकन बाहेर पाठवायला लावतं. पेशी पकड सोडते, पुढे धरते, पुन्हा सोडते आणि हलू लागते. कर्करोगानं दगावणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचा जीव पहिल्या गाठीपेक्षा अशा भटकंतीनं जातो, म्हणून हा शोध प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

बदल कुठं झाला, यावरून तो कुणी केला हेही बरेचदा ओळखता येतं. १९९१ मध्ये चीनच्या चिदोंग भागातल्या यकृताच्या कर्करोगाच्या १६ गाठी तपासल्या गेल्या. त्यातल्या आठांमध्ये नेमक्या २४९ व्या जागीच एकसारखा बदल होता. दक्षिण आफ्रिकेतल्या गाठींमध्येही तोच ठसा मिळाला. दोन्हीकडे मका-शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन लोकांच्या पोटात जात होतं. कडवट, काळपट शेंगदाणा फेकून देण्याची घरातल्या बायकांची सवय किती मोलाची आहे, हे या आकड्यांवरून पटावं. उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगात शेजारशेजारची दोन अक्षरं एकदम बदललेली सापडतात. तंबाखूच्या धुरातल्या बेन्झोपायरिनवर १९९६ मध्ये प्रयोग झाले. हे रसायन पी-५३ च्या जनुकाला ज्या जागी घट्ट चिकटतं, त्याच १५७, २४८ आणि २७३ या जागा फुप्फुसाच्या कर्करोगात बदललेल्या सापडतात. धुराविरुद्ध इतका थेट पुरावा डीएनएच्या मजकुरातच लिहिलेला होता. भारतात गालाच्या आतल्या आणि हिरड्यांच्या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास नवी मुंबईच्या खारघरमधलं ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जिनोम संस्था यांनी मिळून केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू-गुटख्यानं घडलेल्या त्या गाठींमध्येही सर्वाधिक बिघडणाऱ्या जनुकांत पी-५३ होतंच.

मग हे प्रथिन जास्त असतं तर? हत्तीच्या बाबतीत निसर्गानं तेच केलं आहे. हत्तीच्या शरीरात माणसाच्या सुमारे १०० पट पेशी. पेशी जितक्या जास्त तितकी चूक होण्याची संधी जास्त, म्हणजे हत्तींना कर्करोगानं पछाडायला हवं होतं. तसं होत नाही. १९७७ पासून या कोड्याला रिचर्ड पेटो यांचं नाव जोडलेलं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाचे बालकर्करोगतज्ज्ञ जोशुआ शिफमन यांच्या गटानं दाखवलं, की माणसाकडे पी-५३ चं जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं दोन प्रतींत असतं, तर आफ्रिकन हत्तीकडे निदान ४० प्रती. शिफमन ज्यांच्यावर उपचार करत होते त्यांच्यात ली-फ्रॉमेनी या आनुवंशिक आजाराची कुटुंबं होती. त्यांच्याकडे जन्मापासून एकच धड प्रत असते. तिघांच्या रक्तपेशींवर सारखेच किरण टाकले गेले. हत्तीच्या जवळपास १५ टक्के पेशी मेल्या, निरोगी माणसाच्या सात टक्के आणि ली-फ्रॉमेनी रुग्णांच्या तीन टक्क्यांहून कमी. हत्तीच्या पेशी दुरुस्तीच्या फंदात फारशा पडत नाहीत. शंका आली की मरतात.

पण ‘जास्त’ म्हणजे आपोआप ‘चांगलं’ नव्हे. डोनहॉवर यांनीच २००२ मध्ये असे उंदीर पाहिले, की ज्यांच्यात पी-५३ सतत वाजवीपेक्षा जास्त सक्रिय होतं. त्यांना गाठी कमी झाल्या, पण हाडं विरळ झाली, पाठीला कुबड आलं, अकाली म्हातारपण येऊन ते लवकर गेले. आणि उंदराच्या भ्रूणातून एमडीएम-२ पूर्ण काढलं तर भ्रूण जन्मतच नाही. पी-५३ त्याला वाढू देत नाही. केमोथेरपीत केस गळतात, त्यातही पी-५३ चा हात असतो: औषधाचा घाव ओळखून केसांच्या मुळाशी वेगानं वाढणाऱ्या निरोगी पेशी ते मारून टाकतं.

औषधं शोधणाऱ्यांची कसरत याच तारेवरची आहे. २००७ मध्ये मोठी आशा निर्माण झाली. उंदरांच्या गाठींमध्ये बंद पडलेलं पी-५३ पुन्हा चालू केल्यावर लसिकाग्रंथींच्या गाठींतल्या पेशी मेल्या. यकृताच्या गाठींतल्या पेशी मात्र मेल्या नाहीत, त्या कायमच्या थांबल्या आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीनं येऊन त्यांचा फडशा पाडला. म्हणजे वाढून बसलेल्या गाठीलाही या प्रथिनाचा हुकूम ऐकू येतो. माणसात ते घडवणं अवघड. चीननं २००३ मध्ये विषाणूवाटे निरोगी पी-५३ चं जनुक गाठीत पोचवणाऱ्या ‘जेंडिसिन’ला मान्यता दिली. बाजारात आलेलं जगातलं ते पहिलं जनुक-औषध. पण इतर देशांत त्याला जागा मिळाली नाही. पी-५३ शाबूत आहे पण एमडीएम-२ चा अतिरेक झालाय, अशा गाठींसाठी २००४ पासून ‘नटलिन’ जातीचे रेणू आले. ते दोघांची पकड सोडवतात, पण निरोगी पेशींतलीही सोडवतात, त्यामुळे रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात. बिघडलेली घडी सावरू पाहणारं एप्रेनेटापॉप्ट २०२० च्या अखेरीस निर्णायक चाचणीत अपयशी ठरलं. सध्या नजर आहे ती २२० व्या जागच्या बदलावर. तिथं टायरोसिन जाऊन सिस्टीन आलं की प्रथिनाच्या अंगावर एक खाच पडते. त्या खाचेत बसून घडी सावरणारं रेझाटापॉप्ट हे औषध रुग्णांवर तपासलं जात आहे आणि काही रुग्णांच्या गाठी त्यानं आक्रसल्या आहेत. एका बिघाडाला एक औषध, असाच हा रस्ता दिसतो. म्हणूनच ‘पी-५३ बिघडलंय’ एवढं कळून भागत नाही.

औषध नसलं तरी नुसत्या माहितीचा उपयोग किती होतो, हे ली-फ्रॉमेनी कुटुंबांनी दाखवलं. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये चार कुटुंबं नोंदवली होती. मुलाला स्नायूचा कर्करोग, आईला तिशीतच स्तनाचा, मामाला मेंदूचा, अशी त्यांची गत. १९९० मध्ये डेव्हिड माल्किन आणि स्टीफन फ्रेंड यांना त्या कुटुंबांत जन्मापासूनच पी-५३ ची एक प्रत बिघडलेली सापडली. माल्किन यांनी टोरंटोच्या बालरुग्णालयात अशा लोकांसाठी नियमित रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि पूर्ण शरीराच्या एमआरआयचा क्रम बसवला. ११ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१६ मध्ये आलेले आकडे असे: तपासण्या करत राहिलेल्यांमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण जवळपास ८९ टक्के, न करणाऱ्यांमध्ये ६० टक्के. पारानातही नवजात बालकांच्या रक्तचाचणीतून १,७१,६४९ बाळांमागे ४६१ बाळांत तो ३३७ चा बदल सापडला, आणि लक्ष ठेवलेल्या मुलांमध्ये गाठ लहान असतानाच शस्त्रक्रियेनं काढता आली. एकाच कुटुंबात कमी वयात वेगवेगळे कर्करोग होत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. मुंबईच्या टाटा मेमोरिअल केंद्रात आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र सल्ला मिळतो.

उरला गर्भाशयमुखाचा कर्करोग. त्यात पी-५३ चं जनुक बहुधा धडधाकट असतं, तरीही पेशीत पी-५३ सापडत नाही. ते चोरलं जातं. १९९० मध्ये अमेरिकेत पीटर हाउली यांच्या प्रयोगशाळेत मार्टिन शेफनर यांनी दाखवलं, की एचपीव्ही या विषाणूचं ई-६ हे प्रथिन पी-५३ मोडीत काढायला लावतं. पुढे कळलं, की पेशीच्याच एका विकराला हाताशी धरून ते पी-५३ वर मोडीची खूण लावतं. जे काम एमडीएम-२ मापात करतं, ते ई-६ बेछूट करतं. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी आजवर जगभर वाढत आहेत, त्या याच जातीच्या. येल विद्यापीठात डॅनियल डिमायो यांच्या प्रयोगशाळेनं २००० मध्ये या पेशींतली विषाणूची जनुकं गप्प केली. जवळपास ५० वर्षं न थांबलेल्या पेशींमध्ये पी-५३ पुन्हा साचलं, आणि त्या थांबल्या.

याचा अर्थ उघड आहे: या कर्करोगात रखवालदार मेलेला नाही, चोर बाहेरून आला आहे. आणि चोराला दारातच अडवता येतं. मराठवाड्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरिअल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं कर्करोग संशोधनाच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साथीनं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. ज्या गावांत बायकांची एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तिथं या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या तपासणीच्या धोरणांत त्यांचा दाखला दिला जातो. त्या गावांतल्या बायकांचं हे ऋण महाराष्ट्रानं मोठ्यानं मान्य करायला हवं. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही लसही आहे. तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लस विषाणूला पेशीत शिरू देत नाही, त्यामुळे ई-६ बनतच नाही. विषाणूशी गाठ पडण्याआधी घेतली तरच ती पुरती लागू पडते, म्हणून ती ९ ते १४ या वयात द्यायची. घरात त्या वयाची मुलगी असेल तर डॉक्टरांकडे या महिन्यातच चौकशी करा, आणि तिशी ओलांडलेल्या आई-मावशी-काकूंना एचपीव्हीच्या चाचणीसाठी सोबत घेऊन जा.